सातबारा कोरा होणार म्हणून थांबलो

गावाचं आणि मतदारसंघाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पक्षाचंही नाही, कारण २०२४ च्या विधानसभेत कर्जमाफीचा शब्द दोन्ही बाजूंनी दिला होता. वऱ्हाडातलं कोरडवाहू गाव आहे एवढं पुरे. आमचं सात एकर वावर, त्यात पऱ्हाटी (म्हणजे कापूस) आणि सोयाबीन, मधून तुरीची तासं. जून २०२४ मध्ये गावच्या सहकारी सोसायटीमार्फत १ लाख ४० हजारांचं पीककर्ज उचललं होतं. ते ३१ मार्च २०२५ च्या आत भरायचं होतं. भरायला लागतात तेवढे पैसे घरात होते. तरी मी भरले नाहीत. आज ते कर्ज व्याजासकट १ लाख ६० हजारांच्या वर गेलं आहे आणि वरून सावकाराचं वेगळं बसलं आहे. माझ्यासारखे आमच्याच सोसायटीत बरेच जण आहेत. त्यातले काही अजूनही थांबलेले आहेत, म्हणून हे लिहितोय.

सभा झाली ती नोव्हेंबरातली. मतदान २० तारखेला होतं. कापसाची वेचणी चालू, बाया दिवसभर वावरात, म्हणून सभा सांजच्याला बाजाराच्या ओट्याजवळ ठेवली होती. उमेदवार दोन तास उशिरा आले, पण लोक उठले नाहीत. सोयाबीन नुकतंच विकून झालं होतं. हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल, आणि आम्ही व्यापाऱ्याला चार हजार, एक्केचाळीसशेनं घालून आलो होतो, कारण सरकारी खरेदी केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागत होता. ती अट १५ टक्क्यांवर आणली, तोवर आमच्यासारख्यांचा माल गेला होता. लोकांच्या पोटात ही आग होती आणि बोलणाऱ्याला ती ठाऊक होती. एका आघाडीनं सोयाबीनला ६ हजार सांगितले होते, दुसरीनं ७ हजार. आमच्या ओट्यावर भाव बोलला गेला तेव्हा टाळ्या पडल्या, पण खऱ्या टाळ्या नंतर पडल्या.

त्यांनी आमच्या गावातल्या एका शेतकऱ्याचं नाव घेतलं, ज्यानं काही वर्षांपूर्वी कर्जापायी जीव दिला. त्याची बायको पुढच्याच रांगेत बसली होती. तिच्याकडे हात करून म्हणाले, "ह्या माऊलीची शपथ घेऊन सांगतो. आपलं सरकार आलं का पयल्याच अधिवेशनात सातबारा कोरा. तवरीक बँकेत एक रुपया भरू नोका. बँकेवाला दारात आला तं मले फोन लावा."

एका बाईच्या दुःखाची शपथ घेऊन माणूस खोटं बोलेल, असं माझ्या मनातही आलं नाही. मी हात वर केला. सगळ्यांनीच केला.

माझा विश्वास बसायला आणखी एक कारण होतं, आणि ते आमच्या घरात तीन वेळा घडलं आहे. २००८ साली केंद्राची कर्जमाफी आली. ज्याची जमीन २ हेक्टरच्या आत, म्हणजे पाच एकर, त्याला पूर्ण माफी. आमची सात. बाबांना नुसती सूट होती, तीही बाकीची रक्कम आधी भरली तर. ओलिताचे चार एकर, त्यात संत्र्याची बाग असलेला माणूस पूर्ण सुटला आणि कोरडवाहू सात एकरवाले बाबा अडकले. त्यांनी बैलजोडी विकून भरलं. २०१७ ला राज्याची दीड लाखापर्यंतची माफी आली, ती थकीतवाल्यांना. मी दरवर्षी ३१ मार्चच्या आत नवं-जुनं करणारा, म्हणजे जुनं कर्ज भरून नवं उचलणारा. नियमितवाल्यांना २५ हजारांपर्यंत प्रोत्साहन होतं, म्हणून आधार आणि पासबुक घेऊन ऑनलाइन फॉर्मसाठी सेवा केंद्रापुढे रांगेत उभा राहिलो. डिसेंबर २०१९ मध्ये २ लाखांपर्यंतची माफी जाहीर झाली, पुन्हा थकीतवाल्यांना. नियमितवाल्यांचे ५० हजार खात्यात यायला २०२२ ची दिवाळी उजाडली. भरणारा मागं राहतो आणि न भरणारा सुटतो, हे मी दोन वेळा डोळ्यानं पाहिलं होतं. तिसऱ्यांदा मीच ठरवलं की यंदा भरायचं नाही.

ज्यांच्या मनात आज हाच हिशेब चालू आहे, त्यांनी पुढचं नीट वाचावं. मी इथंच चुकलो.

बारावीत शिकणाऱ्या माझ्या मुलीनं नंतर तिन्ही माफ्यांच्या अटी मोबाइलवर शोधून काढल्या आणि कागदावर तारखा मांडून दाखवल्या. २००८ ची माफी फेब्रुवारीच्या शेवटी जाहीर झाली, आणि कर्ज ३१ डिसेंबर २००७ ला थकलेलं असायला हवं होतं. २०१७ ची जूनमध्ये जाहीर झाली, थकीताची तारीख ३० जून २०१६, म्हणजे वर्षभर आधीची. २०१९ ला विधानसभेचं मतदान २१ ऑक्टोबरला आणि माफीची तारीख ३० सप्टेंबर. माफीची तारीख प्रत्येक वेळी मागची होती. त्या दिवशी जो आधीच थकलेला होता तोच बसला. प्रचाराचं भाषण ऐकून, ऐन हंगामात ज्यानं भरणा थांबवला, तो त्या तारखेच्या बाहेरच पडला. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही ज्यांच्याकडे पाहून थांबले, ते भाषण ऐकून थांबले नव्हते. त्यांच्यापाशी पैसेच नव्हते."

पुढच्या माफीत तारीख काय ठरेल, ते ती निघेल तेव्हा दिसेल. पण ती सभेत ठरत नाही. मंत्रिमंडळाचा निर्णय होतो, पैशाची तरतूद होते, मग शासन निर्णय निघतो, ज्याला आपण जीआर म्हणतो. त्या जीआरमध्ये रकमेची मर्यादा असते, कोणत्या वर्षातलं कर्ज ते असतं, कुटुंब कशाला धरायचं ते असतं. २०१९ च्या योजनेत व्याज धरून २ लाखांच्या वर गेलेल्यांना सुरुवातीलाच बाहेर ठेवलं होतं. आमच्या शेजारचे काका त्यातच राहिले. भाषणात यातलं एकही वाक्य नव्हतं. मी विचारलंही नाही. कोणीच विचारलं नाही.

निकाल लागला, उमेदवार निवडून आले, मिरवणूक आमच्या दारावरून गेली. डिसेंबरात नागपूरला अधिवेशन झालं, संपलं. कर्जमाफी नाही. मला वाटलं, नवं सरकार आहे, मार्चच्या बजेटमध्ये येईल. कापूस जानेवारीत विकला होता, त्याचे चुकारे मिळाले होते. दीड लाख रुपये बायकोनं धान्याच्या कोठीत फडक्यात बांधून ठेवले होते. ती रोज म्हणायची, "भरून टाका अन् मोकळे व्हा." मी म्हणायचो, दहा मार्चपर्यंत थांब. १० मार्च २०२५ ला राज्याचा अर्थसंकल्प मांडला गेला, त्यातही कर्जमाफी नव्हती. तरी मी थांबलो, कारण गावात जो भेटेल तो म्हणे, "आता काहून भरतं? इतके दिवस थांबला ना!" आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सरकारकडूनच जाहीर सांगण्यात आलं की ३१ मार्चच्या आत पीककर्ज भरा.

त्या दिवशी कोठीतून फडकं काढलं तेव्हा त्यात ८२ हजार उरले होते. घरात ठेवलेला पैसा वाट पाहत नाही. विहिरीची मोटर जळाली होती, मुलीचे क्लासचे पैसे गेले होते, बहिणीच्या घरच्या लग्नात आहेर झाला होता. हा प्रत्येक खर्च करताना मनात हेच होतं की कर्ज तर माफच होणार आहे. भाषणानं माझ्याकडून काही हिसकावून नेलं नाही. माझ्या हातानंच ते खर्च करायला लावलं.

मी साहेबांना फोन लावला. त्यांनीच लावायला सांगितलं होतं. उचलणाऱ्या मुलानं "भाऊ मीटिंगमध्ये हायेत" म्हटलं. पुढचे कितीतरी दिवस भाऊ मीटिंगमध्येच होते. ऑगस्टमध्ये एका उद्घाटनाला ते आले, तेव्हा गर्दीतून पुढे होऊन मी विचारलं. ते म्हणाले, "माफी म्हटलं होतं मी, तारीख सांगतली होती का?" आणि गाडीत बसले.

बँकेत काय होतं ते सांगतो, कारण पहिल्यांदा थकणाऱ्याला हे माहीत नसतं. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत भरलं तर आपल्या राज्यात शून्य टक्के व्याज पडतं. केंद्र आणि राज्य मिळून ते व्याज भरतात. मुदत गेली की ती सवलत जाते आणि व्याज उचल केल्या दिवसापासून लागतं. त्याहून वाईट म्हणजे नवं कर्ज मिळत नाही. जून २०२५ मध्ये पाऊस आला आणि माझ्या हातात बियाण्याला पैसे नव्हते. कृषी केंद्रवाल्यानं उधारी दिली, पण १,३५० ची डीएपी खताची थैली वहीत १,६०० ला मांडली आणि कापूस त्याच्याच ओळखीच्या व्यापाऱ्याला घालायचं कबूल करून घेतलं. निंदण आणि फवारणीसाठी सावकाराकडून ८० हजार आणले, शेकडा तीननं. महिन्याला २,४०० रुपये नुसतं व्याज. सोसायटीत भरले असते तर जूनमध्ये तेच पैसे शून्य टक्क्यानं परत हातात आले असते. भाषणाची किंमत माझ्या घरात एका हंगामात चाळीस हजारांच्या पुढे गेली आहे. ही किंमत मागायला कुठं जाता येत नाही.

मी एका ओळखीच्या वकिलाला विचारलं की शपथ घेऊन दिलेल्या शब्दावर काही दावा होतो का. त्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा निकाल सांगितला. जाहीरनाम्यातली आश्वासनं निवडणूक कायद्यातला भ्रष्टाचार ठरत नाहीत, असं त्यात म्हटलं आहे. त्याच निकालानंतर निवडणूक आयोगानं आचारसंहितेत जाहीरनाम्याबद्दल नियम घातला. जे पुरं होऊ शकतं तेच सांगावं, आणि त्याला पैसा कुठून आणणार हे ढोबळ तरी सांगावं. नियम चांगला आहे. पण आमच्या ओट्यावर जे बोललं गेलं ते जाहीरनाम्यात त्या शब्दांत कुठंच नव्हतं. "एक रुपया भरू नोका" हे कोणत्याही पक्षानं छापलं नव्हतं. जाहीरनामा शहरात छापतात आणि गावात वेगळंच बोलतात. म्हणून सभेतलं वाक्य आणि छापलेलं वाक्य शेजारी ठेवून पाहा. दोन्हीत जेवढा फरक, तेवढा धोका आपल्या डोक्यावर.

आम्ही विदर्भातली माणसं हे ऐकत मोठी झालो आहोत. गोसेखुर्द धरणाचं भूमिपूजन १९८८ सालचं, सुरुवातीचा अंदाज ३७२ कोटींचा. माझं तेव्हा लग्नही झालं नव्हतं, आणि त्याच्या कालव्यांचं पाणी आजही भाषणात आहे. शकुंतला ही आमच्याकडची छोट्या रुळांची रेल्वे ब्रॉडगेज होणार हेही मी किती निवडणुकांत ऐकलं ते मोजत नाही. पण कालव्याचं पाणी आलं नाही म्हणून कोणी आपलं वावर गहाण टाकत नाही. कर्जमाफीच्या आश्वासनात तसं नसतं. ते ऐकून माणूस काहीतरी करायचं थांबवतो, आणि त्याचं नुकसान त्याच दिवशी सुरू होतं. ज्या आश्वासनासाठी तुम्हाला आज स्वतःचा व्यवहार बदलावा लागतो, त्याला सगळ्यात जास्त भ्यायला पाहिजे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपूरच्या वेशीवर शेतकऱ्यांनी मोठं आंदोलन केलं. आमच्या गावातूनही दोन गाड्या गेल्या, एकीत मी होतो. त्यानंतर सरकारनं ३० जून २०२६ पर्यंत कर्जमाफीचा निर्णय घेऊ असं सांगितलं. निदान एक तारीख तरी मिळाली. कर्जमाफी व्हावी यासाठी मी पुन्हा रस्त्यावर बसेन. कोरडवाहू शेतकऱ्याचा तो हक्क आहे असं मी मानतो. तारीख मिळाली ती रस्त्यावर बसून मिळाली, ओट्यावरच्या टाळ्यांनी नाही.

गेल्या आठवड्यात माझ्या चुलतभावाचा मुलगा घरी आला. नवीनच शेती करतोय, ९० हजारांचं पीककर्ज आहे, तुरीचे पैसे हातात आले आहेत. म्हणाला, "काका, भरू का थांबू? जूनमध्ये माफी येते म्हणतात." मी त्याला मुलीनं तारखा लिहिलेला तो कागद दाखवला, कृषी केंद्राची वही दाखवली, सावकाराचा हिशेब दाखवला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग मी चप्पल घातली आणि त्याच्यासोबत सोसायटीत गेलो. गटसचिव जेवायला गेले होते. आम्ही बाहेरच्या बाकावर तासभर बसलो. पावती त्याच्या हातात पडली तेव्हा चार वाजले होते.