चवथीच्या आदल्या दिवशी पाठवलेला सहा आकडी कोड

चवथीच्या आदल्या दिवशी दुपारी फोंड्याच्या घरी मी नेवऱ्या भरत होते. दोन्ही हात पिठाचे. तेवढ्यात मामेभावाचा व्हॉट्सअ‍ॅपवर हिंदीत मेसेज आला: दीदी, माझा कोड चुकून तुमच्या नंबरवर आलाय, लवकर पाठवा. एसएमएस खरंच आला होता. मी करंगळीने सहा आकडे टाइप केले आणि पाठवून दिले. हा मला कधी दीदी म्हणत नाही, कोंकणीशिवाय लिहीतही नाही. तेव्हा ते लक्षातच आलं नाही.

मिनिटभरात माझं व्हॉट्सअ‍ॅप बंद पडलं. कोड माझ्याच नंबरचा होता, माझं खातं दुसऱ्या फोनवर चालू करायचा. भावाचं खातं सकाळीच चोरांच्या हाती गेलं होतं.

मग ग्रुपांतल्या नातेवाइकांना माझ्या नावाने मेसेज गेले: यूपीआय अडकलंय, १८,००० या नंबरवर टाका, उद्या देते. पेडण्याच्या आतेने टाकले. पैसे घेणाऱ्याचं नाव परकं दिसत होतं, तरी टाकले. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "तू मागितलेस, मग मी विचारायचं कशाला?" ते ऐकून मला रडू आलं.

मुलाने मला व्हॉट्सअ‍ॅपवर टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा, म्हणजे एसएमएसच्या कोडनंतर आणखी विचारला जाणारा, सहा आकडी पिन लावून दिला होता. अ‍ॅप तो मधूनमधून विचारायचं, नेमकं बसमध्ये नाही तर बाजारात. कंटाळून मीच तो काढून टाकला. तो असता तर एसएमएसचा कोड देऊनही चोराला आत शिरता आलं नसतं. आत शिरल्याबरोबर त्याने आधी स्वतःचा पिन लावला. मी नव्या कोडने पुन्हा नोंदणी केली तेव्हा तो बाहेर पडला, पण त्याचा पिन मला ठाऊक नाही, म्हणून मलाही सात दिवस थांबावं लागलं.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करेपर्यंत रात्र झाली होती आणि पैसे पुढे निघून गेले होते. असं काही कळलं तर पहिल्या मिनिटाला तिथे फोन करा, मग नातेवाइकांना.

सगळीकडे पिन हवाच असं माझं म्हणणं नाही. बांगडे घेताना मी यूपीआय लाइटने पिनशिवाय पैसे देते, कारण गेलेच तर त्यात ठेवलेले थोडेसेच जातील. कार्ड नुसतं टेकवून ५,००० रुपयांपर्यंत पिनशिवाय जातात, ती सोय मात्र मी बंद करून टाकली. आणि ज्या खात्यावर माझं नाव बघून माणसं डोळे मिटून पैसे देतात, तिथे पिन कितीही वेळा विचारू दे.

गेल्या रविवारी पेडण्याला जाऊन आतेच्या फोनवरही तो लावला. "विसरले तर गो?" तिने विचारलं. पिन विसरला तर ईमेलवरून बदलता येतो, म्हणून तिच्या नातवाचा ईमेलही घालून ठेवला. १८,००० मी फेडते आहे. पहिला हप्ता तिने घेतला नाही, मी तो देवघरात ठेवून आले.