गांजातली औषधं की नेहमीची औषधं: आजारागणिक तुलना

मावशीच्या केमोच्या तिसऱ्या फेरीपर्यंत अशी वेळ आली होती की हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार उघडून तो ठरावीक वास आला की तिला उमळून यायचं. अजून सलाईनही लागलेलं नसायचं. त्याच आठवड्यात एका हितचिंतकांनी गांजाच्या तेलाची बाटली आणून दिली. "झाडपाल्याचं आहे, अपाय काही नाही," म्हणाले. आम्ही ती बाटली घेऊन डॉक्टरांकडे गेलो. ते रागावले नाहीत. त्यांनी दोनच प्रश्न विचारले: यात नेमकं काय आहे, आणि हे कशाच्या जागी द्यायचंय? आमच्याकडे एकाचंही उत्तर नव्हतं.

पुढचा सगळा आढावा त्या दोन प्रश्नांना धरून आहे. "गांजा औषधी आहे का?" असं विचारलं तर हो म्हणणारेही सापडतात आणि नाही म्हणणारेही. पण कोणता घटक, कोणत्या आजारात, कोणत्या औषधाशी ताडून, असं विचारलं की बऱ्याच ठिकाणी स्पष्ट उत्तर मिळतं.

बाटलीत काय असतं

या झाडात शंभराहून जास्त कॅनाबिनॉइड, म्हणजे गांजाची खास रसायनं, असतात, पण औषध म्हणून विचार करायचा तो मुख्यतः दोघांचा. टीएचसी नशा आणतं. तेच मळमळ कमी करतं, भूक वाढवतं, स्नायू सैल करतं. सीबीडीने नशा होत नाही, आणि त्याचा सर्वांत भक्कम उपयोग फिट्सच्या काही आजारांत दिसला आहे. टीएचसी 1964 मध्ये इस्रायलमध्ये राफेल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी वेगळं काढलं. हे आपल्या मेंदूत का काम करतं याचा उलगडा व्हायला पुढे बरीच वर्षं गेली. शरीर स्वतःच तसे रेणू तयार करतं. त्यांतला पहिला 1992 मध्ये सापडला तेव्हा त्याचं नाव संस्कृतातल्या 'आनंद'वरून आनंदामाइड ठेवलं गेलं. मला हे नाव फार आवडतं, पण औषधाचा निर्णय नावावरून घेता येत नाही.

आता बाटलीचं लेबल. 2017 मध्ये अमेरिकेत ऑनलाइन विकली जाणारी सीबीडीची 84 उत्पादनं प्रयोगशाळेत तपासली गेली. त्यांतल्या फक्त 26 उत्पादनांत लेबलावर लिहिल्याइतकं सीबीडी होतं. 18 उत्पादनांत टीएचसीही सापडलं. म्हणजे नशा नको म्हणून सीबीडी घेणाऱ्याच्या पोटात नकळत टीएचसी जात होतं. सात-आठ वर्षांच्या मुलाला किंवा गाडी चालवणाऱ्या माणसाला ही बाब किरकोळ नाही. डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणारं, प्रमाण ठरलेलं औषध आणि अशी बाटली या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे मनाशी पक्कं करूनच पुढचं वाचा.

फिट्स: इथे पुरावा सर्वांत पक्का

ड्राव्हे सिंड्रोम आणि लेनॉक्स-गॅस्टॉ सिंड्रोम हे लहानपणीच सुरू होणारे, नेहमीच्या औषधांना दाद न देणारे फिट्सचे आजार आहेत. शुद्ध सीबीडीच्या एपिडायोलेक्स या द्रावणाला अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी 2018 मध्ये या दोन आजारांसाठी मंजुरी दिली. 2020 मध्ये त्यात ट्युबरस स्क्लेरोसिसमुळे (मेंदूत आणि इतर अवयवांत गाठी होणाऱ्या जनुकीय आजारामुळे) येणाऱ्या फिट्सची भर पडली. ड्राव्हेच्या 120 मुलांवर झालेल्या चाचणीत सीबीडी घेणाऱ्यांच्या मोठ्या झटक्यांची संख्या महिन्याला साधारण 12 वरून 6 वर आली. औषध नसलेलं, नुसतं चवीचं द्रावण घेणाऱ्यांत ती 15 वरून 14 झाली. महिन्याकाठी सहा झटके कमी होणं म्हणजे काय, हे रात्री मुलाच्या श्वासाकडे कान लावून झोपणाऱ्या आईला सांगावं लागत नाही.

तरी हे औषध इतर औषधांच्या जागी येत नाही, त्यांच्या जोडीला येतं. आणि जोडी कोणाशी होते यावर बरंच अवलंबून असतं. मूल व्हॅलप्रोएट हे फिट्सचं औषध घेत असेल तर लिव्हरची एन्झाइम्स वाढण्याचा धोका जास्त, म्हणून आधी आणि नंतर ठरलेल्या अंतराने रक्त तपासावं लागतं. क्लोबाझाम हे फिट्सचंच दुसरं औषध सुरू असेल तर सीबीडीमुळे त्याचा परिणाम वाढतो आणि मूल दिवसभर पेंगतं. अशा वेळी बहुतेकदा क्लोबाझामचा डोस कमी केला जातो. जुलाब आणि भूक मंदावणं हेही दिसतं.

पर्यायही तोलामोलाचे आहेत. स्टिरिपेंटॉल क्लोबाझामच्या जोडीने देतात. फेनफ्लुरामिन ड्राव्हेत चांगलं काम करतं, पण एकेकाळी वजन कमी करायला दिलं जायचं तेव्हा त्यामुळे हृदयाच्या झडपांना इजा होत असल्याचं लक्षात आलं होतं. म्हणून त्याच्यासोबत वरचेवर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करावा लागतो. किटोजेनिक (भरपूर स्निग्ध, अगदी कमी पिष्टमय) आहाराने काही मुलांना मोठा फरक पडतो, मात्र तो घरातल्या सगळ्यांची कसोटी पाहतो. थोडक्यात, एका बाजूला लिव्हरवर लक्ष ठेवायचं, दुसऱ्या बाजूला हृदयावर, आणि तिसरीकडे प्रत्येक घास मोजायचा. मुलाला आधीपासून काय त्रास आहे त्यावरून न्यूरॉलॉजिस्ट क्रम ठरवतात.

दुकानातल्या तेलाने हेच साधेल का, हे मी एकदा कागदावर मांडून पाहिलं. 12 किलोच्या मुलाला सुरुवातीचा डोस किलोमागे 2.5 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. म्हणजे एका वेळी 30 मिलिग्रॅम. चिठ्ठीवरचं द्रावण मिलीमागे 100 मिलिग्रॅमचं असतं, तेव्हा सिरिंजमध्ये 0.3 मिली ओढलं की झालं. आता समजा बाटलीवर '30 मिलीत 300 मिलिग्रॅम' लिहिलंय. तेवढ्याच डोससाठी एका वेळी 3 मिली तेल लागेल आणि बाटली पाच दिवसांत संपेल. पुढे डोस वाढत वाढत किलोमागे 10 मिलिग्रॅम दोनदा इथवर गेला, तर बाटली जेमतेम सव्वा दिवस पुरेल. दिवसाला चार थेंब देऊन "आम्ही सीबीडी करून पाहिलं, उपयोग झाला नाही" असं सांगणाऱ्या आईवडिलांनी खरं तर ते करून पाहिलेलंच नसतं. आणि लेबल खोटं असेल तर हे गणितही उरत नाही.

केमोची मळमळ: दुसऱ्या-तिसऱ्या फळीतलं औषध

इथे टीएचसीची परीक्षा जुनी आहे. ड्रोनाबिनॉल हे प्रयोगशाळेत बनवलेलं टीएचसी आणि नॅबिलोन हा त्याचा जवळचा नातेवाईक, दोन्हींना अमेरिकेत 1985 मध्ये केमोच्या उलट्यांसाठी मान्यता मिळाली. तेव्हा हातात दुसरं फारसं काही नव्हतं. ऑन्डॅन्सेट्रॉन आलं 1991 मध्ये, ॲप्रेपिटंट 2003 मध्ये, आणि चित्र पालटलं. कॅनाबिनॉइड्सचे जुने गुण खरे आहेत, पण ते आजच्यापेक्षा दुबळ्या औषधांशी स्पर्धा करून मिळवलेले आहेत. ही गोष्ट जाहिरातींत कधी येत नाही.

आज जोरकस केमोला ऑन्डॅन्सेट्रॉनच्या गटातलं एक, ॲप्रेपिटंटच्या गटातलं एक, डेक्सामेथासोन आणि ओलॅन्झापिन अशी चौकडी देतात. ओलॅन्झापिन मूळचं मानसिक आजारांचं औषध. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 380 रुग्णांच्या चाचणीत बाकीच्या तिघांसोबत ते दिल्यावर पहिल्या 24 तासांत अजिबात मळमळ न झालेले 74 टक्के होते. त्याच्याशिवाय 45 टक्के.

हे सगळं देऊनही उलट्या थांबत नाहीत असे रुग्ण असतातच. अशांसाठी ऑस्ट्रेलियात टीएचसी आणि सीबीडी समप्रमाणात असलेल्या कॅप्सूलची चाचणी झाली. 2020 मध्ये आलेल्या तिच्या पहिल्या निष्कर्षांत उलटी पूर्ण थांबलेल्यांचं प्रमाण 14 टक्क्यांवरून 25 टक्क्यांवर गेलं. झोप, चक्कर, गुंगी असे जाणवण्याजोगे त्रास मात्र 31 टक्क्यांना झाले. औषध नसलेली कॅप्सूल घेताना ते 7 टक्के होते. तरीही 83 टक्के रुग्णांनी कॅनाबिनॉइडचीच कॅप्सूल पसंत केली. गुंगी परवडली पण ती मळमळ नको, असं त्या रुग्णांना वाटलं असेल तर मला त्यात नवल वाटत नाही. मी मावशीच्या उशाशी बसले आहे.

मावशीच्या यादीत तेव्हा ओलॅन्झापिन नव्हतं. डॉक्टरांनी ते रात्रीचं सुरू केलं, आणि चौथ्या फेरीला तिने संध्याकाळी स्वतःहून चहा मागितला. तिच्या बाबतीत बाटली उघडायची वेळ आली नाही. सगळ्यांच्या बाबतीत असंच होईल असं मी म्हणत नाही, पण आधी चौकडी पुरी झाली आहे का हे नक्की विचारा.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगते. मळमळीवरचं औषध आणि कॅन्सरवरचं औषध यांत गल्लत करू नका. प्रयोगशाळेतल्या पेशींवर आणि उंदरांवर कॅनाबिनॉइड्सचे परिणाम दिसले आहेत, पण त्यांनी माणसाचा कॅन्सर बरा होतो असा पुरावा नाही. तेलाच्या भरवशावर केमो सोडली तर गेलेली वेळ परत आणता येत नाही.

एमएसमधला ताठरपणा

मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) या मेंदू आणि मज्जारज्जूच्या आजारात पाय लाकडासारखे ताठ होतात आणि रात्री पेटके येऊन झोप मोडते. पहिली औषधं बॅक्लोफेन आणि टिझॅनिडिन. बॅक्लोफेनने ताठरपणा जातो, पण त्याबरोबर पायांतली ताकदही गेल्यासारखी वाटते आणि उभं राहणं कठीण होतं. ते एकदम बंद करणं धोक्याचं असतं. टिझॅनिडिनने तोंड कोरडं पडतं, रक्तदाब उतरतो. एखादाच स्नायू त्रास देत असेल तर बोट्युलिनम टॉक्सिनचं इंजेक्शन दोन्हींपेक्षा सोयीचं.

यांनी भागलं नाही तर सॅटिव्हेक्स हा तोंडात मारायचा स्प्रे आहे. एका फवाऱ्यात 2.7 मिलिग्रॅम टीएचसी आणि 2.5 मिलिग्रॅम सीबीडी, दिवसाला जास्तीत जास्त 12 फवारे. फवारा जिभेखाली किंवा गालाच्या आत मारतात आणि दर वेळी जागा बदलतात, नाहीतर तिथे आग होते, तोंड येतं.

या औषधाची मला आवडलेली गोष्ट म्हणजे ते थांबवायचं कधी हे आधीच ठरलेलं असतं. एका मोठ्या चाचणीत 572 जणांना चार आठवडे स्प्रे दिला. 272 जणांचा ताठरपणा 20 टक्के किंवा त्याहून जास्त कमी झाला. म्हणजे निम्म्याहून थोड्या कमी लोकांना गुण आला. ब्रिटनची मार्गदर्शक तत्त्वंही हेच सांगतात: चार आठवडे करून बघा, किमान 20 टक्के फरक पडला तरच पुढे चालू ठेवा. रुग्ण रोज संध्याकाळी 0 ते 10 मध्ये एक आकडा लिहितो, आणि महिनाभराने वहीच उत्तर देते.

जुनाट दुखणं

सर्वांत जास्त लोक यासाठीच गांजाकडे वळतात आणि तज्ज्ञांचे सर्वांत मोठे मतभेदही इथेच आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींनी 2017 मध्ये प्रौढांच्या जुनाट वेदनेत उपयोगाचा भरीव पुरावा असल्याचं म्हटलं. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2021 मध्ये सगळं तपासून पाठिंबा द्यायला नकार दिला. त्याच वर्षी 32 चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा रुग्णाला जाणवेल इतका फरक पडणाऱ्यांचं प्रमाण प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या गोळीपेक्षा) सुमारे 10 टक्क्यांनी जास्त निघालं. म्हणजे दहांतल्या एकाला. माझ्या मते दोन्ही बाजू हाच लहानसा फरक बघून वेगळं बोलत आहेत.

नसांच्या दुखण्यात ॲमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन, गॅबापेंटिन आधी द्यावीत. त्यांचे डोस आणि त्रास वर्षानुवर्षं माहीत आहेत. तुलना ओपिऑइड्सशी, म्हणजे मॉर्फिनसारख्या औषधांशी, असेल तर कॅनाबिनॉइड्सच्या बाजूने एक मोठा मुद्दा आहे: श्वास चालवणाऱ्या मेंदूच्या भागात त्यांचे रिसेप्टर (ती जिथे चिकटून काम करतात त्या जागा) फार कमी असतात, त्यामुळे प्रौढ माणसाचा जास्त डोसने श्वास थांबत नाही. गाठ सांध्याच्या झिजेशी असेल तर व्यायाम आणि फिजिओथेरपी यांना सोडून कशाकडेही जाऊ नका.

काचबिंदूत नकोच

टीएचसीने डोळ्यातला दाब उतरतो, हे खरं. पण तीन-चार तासच. दाब चोवीस तास खाली ठेवायचा तर दिवसातून सहा ते आठ वेळा घ्यावं लागेल, आणि मग माणूस सतत नशेत राहील. लॅटॅनोप्रोस्टचा रात्रीचा एक थेंब दिवसभर काम करतो.

धूर, तेल की गोळी

धुराचा असर काही मिनिटांत येतो आणि दोन-चार तासांत उतरतो, पण फुप्फुसं भाजतात आणि डोस मोजता येत नाही. तोंडावाटे घेतलेलं टीएचसी चढायला अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत लागतात. इथेच घात होतो. तासाभरात काही जाणवलं नाही म्हणून माणूस दुसरा डोस घेतो, मग दोन्ही एकदम चढतात. छाती धडधडते, भीती दाटते, रात्र इमर्जन्सीत जाते. म्हणून थोडक्यापासून सुरुवात, आणि पहिले काही दिवस रात्रीच.

स्वतःला किंवा जवळच्या नात्यात सायकोसिस (भास-भ्रम होणारा मानसिक आजार) झालेला असेल, गरोदरपण असेल, बाळ अंगावर पीत असेल, किंवा हृदयाचा आजार काबूत नसेल तर टीएचसी घेऊ नये. किशोरवयातल्या मुलांना सवय लागण्याचा धोका मोठ्यांपेक्षा जास्त. वयस्कर माणसांचा उभं राहताना रक्तदाब उतरतो, आणि रात्री बाथरूमला उठताना पडणं हे त्यांचं खरं संकट. रोज वर्षानुवर्षं घेणाऱ्या काहींना याच झाडामुळे उलट्यांचे झटके येतात आणि गरम पाण्याच्या अंघोळीनेच बरं वाटतं. ही खूण डॉक्टरांना जरूर सांगा, नाहीतर पोटाच्या तपासण्या होत राहतात.

भेटीला जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. रक्त पातळ ठेवणारं वॉर्फरिन असेल तर सीबीडीमुळे रक्त प्रमाणापेक्षा पातळ होऊ शकतं आणि आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी) लवकर तपासावा लागतो. प्रत्यारोपणानंतरचं टॅक्रोलिमस असेल तर त्याची रक्तातली पातळी चढते. कायदा प्रत्येक देशाचा वेगळा आहे आणि एका देशातली चिठ्ठी दुसऱ्या देशाच्या विमानतळावर चालेलच असं नाही, तेव्हा प्रवास ठरला असेल तर तेही त्याच भेटीत विचारा. आणि घरात बाटली आलीच असेल तर तीही न लपवता त्याच पिशवीत टाका. आमच्या डॉक्टरांनी तिचं लेबल वाचायला दोन मिनिटं घेतली होती.