इफिसस – ‘दर्शन’

सप्टेंबर २०२४ मध्ये मी आणि आमच्या जाऊबाई तुर्कस्तानला जाऊन आलो. नऊ दिवस, माणशी १ लाख ६८ हजार, एजंट आमच्याच भागातला, बसमध्ये ३६ जण आणि सगळे मराठी. पैसे चोरीला गेले नाहीत, पासपोर्ट हरवला नाही, जेवणात रोज वरणभात होता. तरीही आम्ही फसलो, आणि फसलोय हे कळायला सहावा दिवस उजाडावा लागला.

मी २९ वर्षं शाळेत इतिहास शिकवला. त्यामुळे माझा जीव होता तो दोनच प्राचीन शहरांच्या अवशेषांत, पामुक्कलेच्या डोंगरावरचं हिएरापोलिस आणि इफिसस. पत्रकात त्यांच्यासाठी तीन ओळी होत्या, त्या जशाच्या तशा देते: ‘पामुक्कले, कापसाचा किल्ला – दर्शन. इफिसस प्राचीन नगरी – दर्शन. आर्टेमिसचे मंदिर, सात आश्चर्यांपैकी एक – प्रवेशासह.’

दर्शन म्हणजे आत जाऊन बघणं, असं मी धरून चालले. पंढरपुरात कळसदर्शनही असतं, हे तेव्हा आठवायला हवं होतं.

पामुक्कलेला बस थांबली ती डोंगराच्या पायथ्याशी, तळ्याकाठी. समोर चुन्याचा पांढराशुभ्र उतार. टूर मॅनेजर म्हणाला, “घ्या फोटो, अर्धा तास.” अहो, पण वर हिएरापोलिस आहे! रोमन नाट्यगृह आहे, उत्तरेला हजारावर थडग्यांची दफनभूमी आहे, त्या उतारावरून अनवाणी चालत जायचं असतं. “ते ऑप्शनल आहे मॅडम. ६० युरो, रोख.” तिकीटखिडकीवरच्या पाटीवर मात्र स्वच्छ ३० युरो लिहिलं होतं. माझं तिकीट मी काढते म्हटल्यावर उत्तर आलं, “गट सोडलात तर बस थांबणार नाही.” परक्या मुलुखात, साठी उलटलेल्या दोन बायका. भरले मुकाट्याने. आमच्यातले बारा जण भरायला तयार नव्हते, ते खाली चहा पीत बसले. पावती कोणालाच मिळाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी इफिससकडे निघालो. तीन तासांचा रस्ता. साडेअकराला बस वळली ती एका चामड्याच्या कपड्यांच्या शोरूममध्ये. अंधारा हॉल, ढणढण संगीत, रॅम्पवर पोरंपोरी कोट घालून चालतायत. मग आपल्यातल्याच दोघांना ओढून रॅम्पवर चढवतात, टाळ्या, हशा. दिवे लागले की एकच दार उघडतं, आणि ते थेट दुकानात. बाहेर रणरणतं ऊन आणि आमच्यातल्या एका काकांनी लेदरचा कोट घेतला. ९०० युरोंचा ४५० ला. तो घालून पुण्यात कुठे जाणार, पर्वतीवर? पण त्यांना हसायचा अधिकार मला नाही, कारण जेवणानंतर आम्ही दागिन्यांच्या दुकानात पोचलो.

तिथे एक रंग बदलणारा खडा दाखवतात. डायस्पोर नावाचं खनिज खरोखर आहे आणि ते तुर्कस्तानात, मिलासच्या बाजूच्या डोंगरात मिळतं. एवढं खरं सांगितलं की पुढचं खोटं गिळलं जातं. सेल्समनने अंगठी खिडकीशी धरली, हिरवी. पिवळ्या दिव्याखाली नेली, लख्ख गुलाबी. जाऊबाई “अगं बाई!” म्हणाल्या आणि तिथेच संपलं. ३८० युरो. टूर मॅनेजर शेजारी उभा राहून सांगत होता, “सरकारमान्य दुकान आहे, मी गॅरंटी देतो.”

कार्डाच्या मशीनवर विचारलं, लिरा की रुपये? सेल्समनने स्वतःच रुपयाचं बटण दाबलं, म्हणे तुमच्या सोयीसाठी. या सोयीत विनिमयाचा दर दुकानाचं मशीन ठरवतं, बँक नाही. घरी येऊन त्या दिवशीचा दर काढला तर पावणेतीन हजार रुपये जास्त गेले होते. परदेशात कार्ड देताना बटण आपल्या हाताने दाबा, आणि त्या देशाचंच चलन निवडा.

खडा पुण्यात तपासून घेतला. प्रयोगशाळेचं म्हणणं, मानवनिर्मित, काचेच्या जातीचा. खऱ्या खड्याचा रंग म्हणे हळूच, जेमतेम बदलतो. इतका नाटकी बदलला की शंका घ्यायची.

आणि इफिसस? साडेचार वाजता आम्हाला आधी आर्टेमिस या ग्रीक देवीच्या मंदिरापाशी उतरवलं. ‘प्रवेशासह’ वालं ते हेच. दलदलीत उभा एकच खांब, तोही सापडलेले तुकडे एकावर एक रचून केलेला, वर करकोच्याचं घरटं. तिथे तिकीटच नसतं. कोणालाही फुकट! जे फुकट आहे तेवढंच आम्हाला ‘प्रवेशासह’ विकलं होतं. इफिससच्या फाटकाशी मग तोच पाढा: आत जायचं तर ७५ युरो. खिडकीवर ४०.

आत मिळाली पन्नास मिनिटं. वरच्या दारातून शिरून खालच्या दाराने बाहेर पडायचं, दीडेक किलोमीटरचा उतार. दोन तासही कमी पडावेत अशी जागा. संगमरवरी रस्त्यावरून आम्ही अक्षरशः पळत होतो आणि मागून शिट्टी वाजत होती. सेल्सस या रोमन अधिकाऱ्याच्या नावाच्या ग्रंथालयासमोर मला सात मिनिटं मिळाली. ती दर्शनी भिंत ऑस्ट्रियन संशोधकांनी १९७० च्या दशकात दगडावर दगड जुळवून पुन्हा उभी केली. कोनाड्यांतल्या चार पुतळ्यांत एक सोफिया, म्हणजे प्रज्ञा. मूळ पुतळे व्हिएन्नाला आहेत, इथे प्रतिकृती. हे सगळं मीच जाऊबाईंना धापा टाकत सांगत होते, कारण परवानाधारक स्थानिक गाइड आमच्यासोबत नव्हताच. मी हिशेब मांडला: त्या दिवशी दुकानांत तीन तास, अवशेषांत पन्नास मिनिटं.

परत आल्यावर एजंटाने करारपत्र पुढे केलं. मराठी पत्रकात जिथे ‘दर्शन’ होतं, तिथे इंग्रजी करारात ‘फक्त बाहेरून’ असं बारीक अक्षरात होतं. सही माझीच. तेव्हा पैसे भरण्याआधी प्रत्येक ठिकाणापुढे ‘आतून, तिकिटासह, इतका वेळ’ असं लिहून मागा, आणि रोज किती दुकानं आहेत तेही. तिकिटाचा दर आदल्या दिवशी मोबाइलवर बघून ठेवा.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. ते नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. आपण राहतो त्याच जिल्ह्यात, घटनेपासून दोन वर्षांच्या आत, आणि सेवेसाठी पाच लाखांपर्यंत मोजले असतील तर शुल्कही नाही. मी पत्रक, करार, पाटीचे फोटो आणि व्हॉट्सॲपवरचे ‘६० युरो रोख आणा’ हे मेसेज जपून ठेवलेत. पावती नसली तरी तो मेसेज आहे.

तक्रारीनंतर एजंटाचा फोन आला. मिटवून टाकू म्हणाला, पुढच्या इजिप्त टूरवर दहा हजार सूट. मी म्हटलं, पत्रक पाठवा. दहा मिनिटांत आलं. चौथ्या दिवसापुढे लिहिलंय, ‘गिझाचे पिरॅमिड – दर्शन’.