जुन्या वास्तूतच जागा काढावी, की मागे नवी इमारत जोडावी? कॉलेज ग्रंथालयापुढचे पर्याय

गोव्यात ज्या कॉलेजांकडे चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंतींची, मंगळुरी कौलांची जुनी वास्तू आहे, तिथे ग्रंथालय वाढवायचा विषय निघाला की व्यवस्थापनापुढे साधारण तीन प्रस्ताव येतात. पहिला, आहे त्याच वास्तूत पोटमाळा आणि जादा रॅक बसवून जागा काढायची. दुसरा, जुनी वास्तू दुरुस्त करून मागच्या बाजूला जोड-इमारत बांधायची. तिसरा, ग्रंथालय पूर्णपणे दुसरीकडे हलवायचे.

माझे मत आधीच सांगते. मागे थोडी जरी मोकळी जागा असेल तर दुसरा पर्याय घ्यावा, पण एका अटीवर: पुस्तकांचा भार नव्या इमारतीत जावा आणि वाचणारी माणसे जुन्या इमारतीत राहावीत. बहुतेक आराखडे नेमके उलटे येतात. वाचनकक्ष नवा कोरा, आणि जुन्या खोल्यांचे गोदाम. वास्तूचे आणि पुस्तकांचे, दोघांचेही नुकसान यातच होते.

भार आणि ओल

आयएस ८७५ हे भारतीय मानक वर्गखोलीच्या जमिनीसाठी दर चौरस मीटरला ३ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ३०० किलो भार धरायला सांगते. स्टॅकरूमसाठी, म्हणजे रॅक लावून पुस्तके साठवायच्या खोलीसाठी, हाच आकडा ६ किलोन्यूटनपासून सुरू होतो, तोही रॅक २.२ मीटर उंचीपर्यंत असतील तर. रुळांवर सरकणारी कपाटे, म्हणजे कॉम्पॅक्टर, बसवली की रॅकमधल्या वाटा जातात, त्या जागीही पुस्तकेच येतात आणि भार आणखी वाढतो. जुन्या वास्तूचा वरचा मजला म्हणजे लाकडी तुळया आणि त्यांवर फळ्या. राहत्या माणसांसाठी किंवा वर्गासाठी बांधलेल्या त्या तक्तपोशीवर दैनिकांच्या बांधीव खंडांचे कपाट ठेवणे म्हणजे तुळयांच्या भिंतीत गेलेल्या टोकांची परीक्षा पाहणे. आणि वाळवी लागते ती नेमकी त्याच टोकांना.

मग सगळे तळमजल्यावर ठेवावे, असे वाटते. तिथे ओल आहे. चिरा सच्छिद्र असतो, तो जमिनीतले पाणी वर ओढतो. पूर्वी भिंतीला चुन्याचा गिलावा होता, त्यातून ती ओल हळूहळू बाहेर पडायची. नंतरच्या दुरुस्त्यांत सिमेंटचा गिलावा आणि वर ऑइलपेंट आला, वाट बंद झाली, आणि पाणी भिंतीतल्या भिंतीत आणखी वर चढले. बोटाच्या पेरांनी भिंत ठोकून पाहा, जिथे पोकळ आवाज येतो तिथे गिलावा सुटला आहे. खाली पांढरा लोणा, म्हणजे ओलीबरोबर बाहेर आलेला क्षार, दिसेलच. पश्चिमेच्या भिंतीला टेकवलेले एखादे स्टीलचे कपाट उघडा. पुढची रांग ठीक असते. मागची रांग काढली की पुठ्ठ्यांवर राखाडी बुरशी हाताला लागते आणि बांधणीच्या खळीवर कसर फिरलेली दिसते.

थोडक्यात, वर भार पेलत नाही आणि खाली ओल सुटत नाही. पहिला पर्याय इथेच लंगडा पडतो. अपवाद एकच: पुस्तके खरोखर कमी असतील तर. म्हणून आर्किटेक्टला बोलावण्याआधी दाखल नोंदवही (आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद असलेली वही) घेऊन साठा पडताळणी करा. बाद झालेल्या अभ्यासक्रमाच्या क्रमिक पुस्तकांच्या जादा प्रती रीतसर काढून टाकल्यावर कधीकधी विस्ताराची गरजच निम्मी होते.

एसीचा भ्रम

हवेतली सापेक्ष आर्द्रता बराच काळ ६५ टक्क्यांच्या वर राहिली की कागदावर बुरशी धरते. आपल्याकडे पावसाळ्यात ती ८० ते ९० टक्क्यांवर असते, आणि वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस. जुन्या दालनात एसी बसवून हे सुटत नाही. उंच छत, कौलांतल्या फटी, जाळीचे झरोके असलेली ती वास्तू वारा खेळता राहावा म्हणूनच बांधलेली आहे. शिवाय कॉलेजात एसी सकाळी चालू होतो आणि संध्याकाळी बंद. रात्री दमट हवा आत येते आणि थंड पुस्तकांवर ओलावा धरतो. रोजचा हा चढउतार कागदाला वाईटच.

जोड-इमारतीत बुटक्या छताची, कमी खिडक्यांची, घट्ट बंद होणारी स्टॅकरूम करता येते. ती लहान असल्याने डीह्युमिडिफायर (हवेतला दमटपणा काढणारे यंत्र) चोवीस तास चालवणे परवडते. पोर्तुगीज काळातली वृत्तपत्रे, मोडी कागद, जुनी मराठी नियतकालिके तिथे आधी जावीत. माणसांना मात्र उंच छत आणि वारा हवाच असतो, तो जुन्या दालनात फुकट मिळतो.

पूर्ण स्थलांतर

१८३२ साली सुरू झालेले पणजीचे सार्वजनिक ग्रंथालय, आजचे कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, अनेक वर्षे मेनेझिस ब्रागांझा संस्थेच्या इमारतीत होते. आता ते पणजीतल्याच पाटो भागात, ग्रंथालयासाठीच बांधलेल्या इमारतीत आहे. राज्याच्या ग्रंथालयाला तो निर्णय शोभतो, वाचक मुद्दाम वाट वाकडी करून तिथे येतो. कॉलेजचा विद्यार्थी दोन तासिकांच्या मधल्या वेळात येतो. अंतर वाढले की तो कॅन्टीनला जाईल. मागे जागाच नसेल किंवा आवारात पाणी भरत असेल, तरच हा पर्याय घ्यावा. तळघराचा विचार तर कोणी करूच नये.

पैसा आणि हंगाम

जोड-इमारतीचे अंदाजपत्रक बऱ्यापैकी पक्के देता येते. जुन्या वास्तूचे देता येत नाही. कौले उतरवल्यावरच वासे किती कुजलेत ते कळते, म्हणून त्या भागासाठी वेगळी राखीव रक्कम हवी. चुन्याचे काम जाणणारे गवंडी कमी आहेत आणि चुना घाई सोसत नाही.

छप्पर उघडायचे तर दिवाळीनंतर ते मेपर्यंत. पण परीक्षाही त्याच दिवसांत येतात. दुसऱ्या पर्यायाचा मोठा फायदा इथे आहे: आधी जोड-इमारत पुरी करायची, पुस्तके तिथे न्यायची, आणि मग रिकाम्या जुन्या वास्तूला हात घालायचा. पहिल्या पर्यायात पुस्तके वर्षभर कुठल्या तरी हॉलमध्ये ताडपत्रीखाली पडतात.

रॅम्पची सोयही जोड-इमारतीतून सहज होते. १:१२ उतार धरला तर ६० सेंटिमीटरच्या जोत्याला ७.२ मीटर लांबीचा रॅम्प लागतो. तो दर्शनी पायऱ्यांवर लादण्याऐवजी मागून घ्या.

आराखडा हाती आला की चार गोष्टी लेखी मागा. नवी भिंत जुन्या भिंतीत गुंतवायची नाही. दोन्ही पाये वेगवेगळे खचतात, म्हणून मध्ये सांधा सोडलेला बोळ हवा. नव्या पायाचा चर जुन्या भिंतीला चिकटून खणायचा नाही. नवी पाखी जुन्या आढ्यापेक्षा बुटकी हवी, आणि तिचे पाणी कुठल्या गटारात जाते ते नकाशावर दाखवलेले हवे, कारण ते जुन्या चिऱ्यावर पडले तर दुरुस्तीचा सगळा खर्च दोन पावसाळ्यांत वाया जाईल.