तालमीतला गडी म्हणून कौतुक केलं, तिथंच 23,500 बुडाले

लिहायला लाज वाटते. पण पावसाळा आहे, लाइट जाणारच, आणि हा इन्व्हर्टर बसवणारा गडी अजून कोल्हापुरात फिरतोय.

माझी चार फुटी माशांची टाकी, अडीचशे लिटरची. त्यात दोन ऑस्कर, हातातून दाणे खाणारे. 2021 च्या पुरात लाइट गेली तेव्हा ते पिल्लं होते, आणि मी नि बायको रात्रभर माशांना हवा मिळावी म्हणून आळीपाळीनं मगानं पाणी उपसून वरून ओतत होतो. त्यामुळं 'टाकीसाठी स्पेशल बॅकअप आणि शॉकप्रूफ सर्किट' म्हटल्यावर मी भुललो. ज्यानं ती रात्र काढलीय त्यानं मला हसावं, बाकीच्यांनी नको.

माल काय, तर साइन वेव्ह इन्व्हर्टर, दीडशे एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) ट्यूब्युलर बॅटरी, आरसीसीबी (करंट गळला की लाइट तोडणारा स्विच) आणि अर्थिंग. ॲडव्हान्स 10,000, माल आल्यावर 8,500, जोडून झाल्यावर 5,000. तिन्ही वेळा यूपीआय, तिन्ही वेळा वेगळं नाव. "माझं लिमिट संपलंय दादा, मावशीच्या नंबरवर टाका." पुढचं तुम्हाला कळलंच असेल. बिल? "उद्या व्हॉट्सॲपला टाकतो."

पण नावं सोडा. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. गडी बॅटरी कडेवर पोर घ्यावं तशी एकटाच घेऊन वर आला, दमसुद्धा लागला नाही. मी बायकोला म्हटलं, "तालमीतला दिसतोय." चहा पाजला वर! अहो, दीडशे एएचची ट्यूब्युलर पन्नास किलोच्या वर भरते. नंतर भंगारवाल्याच्या काट्यावर भरली 27 किलो 400 ग्रॅम. हे मला माहीत नव्हतं असंही नाही, घरातली जुनी बॅटरी आम्ही दोघांनी कण्हत उतरवली होती. डोळ्यांसमोर होतं आणि मी कौतुक करत बसलो. बॅटरी घेताना आधी वजन करा, मग तारखेचा कोड बघा. स्टिकर काय, कोणीही छापतं.

जुलैमधल्या एका रात्री साडेअकराला लाइट गेली. फिल्टर आणि एअर पंप मिळून 30 वॅट, इन्व्हर्टर स्वतः खातो ते धरलं तरी सकाळपर्यंत आरामात चालायला हवं होतं. एक वाजता सगळं बंद. आम्ही झोपेत. सकाळी एक ऑस्कर उलटा तरंगत होता, दुसरा पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होता. तो संध्याकाळी गेला.

मग त्याच्या 'शॉकप्रूफ सर्किट'चा सील केलेला डबा फोडला. "उघडला तर वॉरंटी जाते" असं बजावलं होतं त्यानं. आत साधी 16 अँपिअरची एमसीबी, लोड वाढला की पडते ती. आरसीसीबी नाहीच. आणि अर्थिंगची हिरवी वायर बोटभर लांब, टोकाला काळी टेप गुंडाळलेली, कशालाच न जोडलेली. बायको महिनाभर सांगत होती, टाकीत हात घातला की झिणझिण्या येतात. त्याला फोन केला तर म्हणाला, "इन्व्हर्टरवर असं होतंच." मी ऐकलं! एमसीबी वायर वाचवते, माणूस नाही. माणसाला 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी लागते, आणि तिच्यावर टेस्टचं बटण असतं. डब्यावर बटणच नव्हतं. बटण दाबून ती पडली म्हणजे अर्थिंग बरोबर आहे असंही नाही, ते वेगळं तपासून घ्या.

चौकीत गेलो. "मासे मेले म्हणून तक्रार?" म्हणून दोघं हसले. मग म्हणे दिवाणी मामला आहे. मग म्हणे पैसे ऑनलाइन गेलेत, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, माणूस घरी येऊन गेला ना, चौकीत जा. बँकेत गेलो तर, पिन तुम्हीच टाकलाय. चार चकरा, दोन रजा, आणि प्रत्येक टेबलावर तोच प्रश्न, बिल कुठंय? बिल असतं तर मी तुमच्या दारात आलो असतो का? आता ग्राहक आयोगात अर्ज केलाय. पाच लाखांच्या आतल्या खरेदीला फी नाही, तेवढं एक बरं. पेमेंटचे स्क्रीनशॉट ठेवा, चॅट पुसू नका.

आणि हो, वायर सॉकेटच्या खाली झोल देऊन मग वर न्या, नाहीतर पाणी ओघळत थेट प्लगमध्ये जातं. त्यानं तेही केलं नव्हतं.

माझा नंबर त्यानं ब्लॉक केलाय. काल मेव्हण्याच्या फोनवरून लावला तर पहिल्या रिंगला उचलला.

"बोला दादा, टाकी किती फुटाची?" रेट आता 26,000 झालाय.