विद्यापीठ खरं, केंद्र खोटं: बेळगावात ऑनलाइन बी.कॉम.च्या नावाखाली झालेली फसवणूक

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागात नोकरी किंवा घर सांभाळून ऑनलाइन पदवी घ्यायचा विचार कुणी करत असेल, तर पैसे भरण्याआधी हे वाचा. माझे ४२,००० रुपये गेले, पीयूसीचं (म्हणजे बारावीचं) मूळ मार्क्स कार्ड गेलं आणि शिक्षणाचं एक वर्ष गेलं. ज्याने हे केलं तो आज दुसऱ्या एखाद्या गावात दुसरा बोर्ड लावून बसला असणार, असं मला पक्कं वाटतं. म्हणून लिहितेय.

मी नंदगडजवळ राहते. एका सौहार्द (सहकारी) सोसायटीत क्लार्क आहे. पीयूसी कॉमर्स झाल्यावर लग्न झालं आणि शिक्षण थांबलं. सोसायटीत वरच्या जागेसाठी पदवी लागते. रोज बेळगावला कॉलेजला जाणं जमण्यासारखं नाही, म्हणून घरी राहून शिकायचं ठरवलं. असं शिकताना आमच्या भागात काय काय आडवं येतं ते इथल्या माणसालाच कळेल. पावसाळ्यात वीज गेली की मागोमाग नेटवर्कही जातं, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला तर विचारूच नका. लेक्चर बघायचं ते रात्री भांडी आवरल्यावर, मोबाइलच्या छोट्या पडद्यावर. शाळा मराठीतून झालेली, पीयूसी इंग्रजीतून, ऑफिसातले कागद कन्नडमध्ये, त्यामुळे अकाउंटन्सी कुठल्या भाषेत वाचावी म्हणजे डोक्यात बसेल हाही प्रश्नच. आणि अडलं तर विचारायला बाकावर शेजारी कुणी नाही.

बेळगावच्या टिळकवाडीत ऑनलाइन पदवीचे प्रवेश देणारं एक केंद्र होतं. तिथे बसलेल्या 'सरां'कडे यातल्या प्रत्येक अडचणीवर उत्तर तयार होतं. "अक्का, टेन्शन घेऊ नका. नोट्स व्हॉट्सअॅपवर, मराठीत. नेट नसलं तरी चालतं. परीक्षा घरूनच. कन्नड पेपर नाही. फी हप्त्याने." विद्यापीठ परराज्यातलं, नाव ऐकलेलं. मी घरी येऊन यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, यादीत ते शोधलं. विद्यापीठ यादीत होतं, त्यांच्या ऑनलाइन बी.कॉम.लाही मान्यता होती. दुसऱ्या दिवशी पहिला हप्ता भरला.

सगळी फसवणूक नेमकी इथे आहे, आणि लोकांना हेच समजावून सांगताना मला सर्वात जास्त त्रास होतो. विद्यापीठ खरं होतं. त्या विद्यापीठाला या केंद्राची गंधवार्ताही नव्हती. यूजीसीच्या २०२० च्या मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणाच्या नियमांत फ्रँचाइझीला परवानगी नाही. म्हणजे एखाद्या विद्यापीठाच्या नावाने खासगी माणसाने दुकान थाटून प्रवेश द्यायचे, फी गोळा करायची, हे चालत नाही. ऑनलाइन पदवीचा प्रवेश विद्यापीठाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर होतो, फी विद्यापीठाच्या खात्यात जाते. बेळगावात गाळा घेऊन कुणी फी मागत असेल तर तिथेच उठावं.

मला नोंदणी क्रमांक मिळाला. एका पोर्टलचं लॉगिन मिळालं, वर विद्यापीठाचं बोधचिन्ह होतं. ग्रुपवर पीडीएफ येत होत्या. पहिल्या सेमिस्टरला ग्रुपवर प्रश्नपत्रिका आली, उत्तरं वहीत लिहून फोटो पाठवायला सांगितले, पुढे गुणपत्रिकेची पीडीएफ आली. खऱ्या ऑनलाइन पदवीची परीक्षा देखरेखीखाली होते. ती घरून असली तरी ओळख तपासली जाते, कॅमेरा सुरू असतो. पण पहिल्यांदाच अशा पद्धतीने शिकणाऱ्याला हे कुठून ठाऊक असणार? गावातल्या कॉलेजात काही गडबड असली तर शिपायापासून कँटीनवाल्यापर्यंत कुणाकडून तरी कानावर येते. ऑनलाइन शिकणाऱ्याला दिसतो फक्त मोबाइल. खऱ्या विद्यापीठाचंही लॉगिन, पीडीएफ आणि ईमेलच असतं, खोट्याचंही तेच. एकटं शिकणं अवघड असतं एवढं सगळेच सांगतात. एकट्या विद्यार्थ्याला फसवणं सोपं असतं, हे कुणी सांगत नाही.

ग्रुपमध्ये निपाणीकडचा एक मुलगा होता. त्याची गोष्ट सीमाभागातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. त्याला मराठी माध्यमातून बी.ए. करायचं होतं. त्याला सांगितलं गेलं, महाराष्ट्रातल्या मुक्त विद्यापीठात दूरस्थ प्रवेश करून देतो, फक्त चंदगडच्या मामाचा पत्ता दाखवायचा. आपल्या लोकांना मराठीतून शिकायची ओढ असते आणि हे दलाल ती ओढच विकतात. नियम असा आहे की राज्य विद्यापीठाचं दूरस्थ शिक्षण त्या राज्याच्या हद्दीपुरतं असतं. हद्दीची ही अट ऑनलाइन पदवीला नाही, आणि इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाला देशभर मुभा आहे. दूरस्थ आणि ऑनलाइन हे दोन प्रकार वेगळे आहेत, दलाल मुद्दाम त्यांची सरमिसळ करतात. खोट्या पत्त्यावर घेतलेली पदवी नोकरीच्या वेळी कागदपत्रं तपासताना अडकली, तर मामाही काही करू शकणार नाही.

हद्द आणि सत्र यांचं महत्त्व कर्नाटकाने एकदा फार मोठी किंमत देऊन पाहिलं आहे. म्हैसूरचं कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठ सरकारी. तरीही हद्दीबाहेरचे अभ्यासक्रम आणि खासगी भागीदारांमार्फत दिलेले प्रवेश यांवरून वाद झाला, आणि त्याची मान्यता २०१२-१३ पर्यंतच होती असं यूजीसीने २०१५ मध्ये जाहीर केलं. त्यानंतरच्या वर्षांत प्रवेश घेतलेली मुलं लटकली. २०१८ मध्ये मान्यता पुन्हा मिळाली, आज ते विद्यापीठ रीतसर सुरू आहे. मधल्या मुलांची तारुण्यातली वर्षं मात्र त्यात गेली. म्हणून विद्यापीठाचं नाव यादीत दिसलं एवढ्यावर थांबू नका. आपला अभ्यासक्रम, आपण प्रवेश घेतोय ते वर्ष आणि जुलै की जानेवारीचं सत्र, या सगळ्यासमोर मान्यता आहे का ते यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर पाहा. पत्ता: डीईबी डॉट यूजीसी डॉट एसी डॉट इन.

याच संकेतस्थळावर आपला डीईबी आयडी काढावा लागतो. २०२४ पासून दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेशासाठी तो सक्तीचा आहे. त्यासाठी आधी एबीसी आयडी, म्हणजे अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं खातं लागतं. दोन्ही विद्यार्थ्याने स्वतः काढायचे असतात आणि ते फुकट निघतात. मला सरांनी सांगितलं होतं, "तो रेग्युलरवाल्यांना लागतो." सरळ खोटं. दूरस्थ आणि ऑनलाइनवाल्यांसाठीच तो काढला आहे. खोट्या केंद्राला हा आयडी का नको असतो तेही उघड आहे. आयडी काढायला गेलेला विद्यार्थी मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांच्या पानावर पोचतो, आणि मग प्रश्न विचारू लागतो.

सोसायटीने बढतीच्या फाइलसाठी नोंदणीचा पुरावा मागितला तेव्हा उलगडा झाला. केंद्राचं पत्र न देता मी विद्यापीठाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून ईमेल पत्ता घेतला आणि नोंदणी क्रमांक पाठवला. उत्तर आलं: हा क्रमांक आमच्या नोंदीत नाही, बेळगावात आमचं केंद्र नाही. केंद्रात फोन केला तर आधी सर्व्हर डाऊन, मग पोर्टल अपडेट होतंय, मग पडताळणीसाठी वेगळी फी. मी भरली नाही. पुढे फोन बंद झाला, गाळ्याला कुलूप लागलं, बोर्डही निघाला.

मूळ मार्क्स कार्ड 'विद्यापीठाकडे पाठवायचं आहे' म्हणून ठेवून घेतलं होतं. विद्यार्थ्याची मूळ प्रमाणपत्रं संस्थेने आपल्या ताब्यात ठेवू नयेत, असं यूजीसीने २०१८ मध्येच स्पष्ट केलं आहे. तपासून लगेच परत द्यायची. आता दुसरी प्रत काढण्यासाठी माझे हेलपाटे सुरू आहेत.

पैसे गेल्याचं कळताच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन नंबरवर फोन करावा, जितक्या लवकर तितकं बरं, कारण रक्कम पुढे सरकण्याआधीच गोठवता येते. माझे हप्ते जुने झाले होते, ती संधी उरली नव्हती. तरीही बेळगाव शहरातल्या सीईएन, म्हणजे सायबर गुन्ह्यांच्या, पोलीस ठाण्यात तक्रार दिली. यूपीआयच्या नोंदी, ग्रुपवरचे मेसेज, खोटी गुणपत्रिका आणि विद्यापीठाचं उत्तर, सगळं छापून नेलं. विद्यापीठाचं ते दोन ओळींचं उत्तर सर्वात कामाला आलं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. याउलट, अधिकार नसताना पदव्या वाटणाऱ्याला १९५६ च्या यूजीसी कायद्यात असलेला दंड आजही जास्तीत जास्त १,००० रुपये आहे. हे वाचून माझं रक्त उसळलं. एका विद्यार्थ्याच्या एका हप्त्याएवढाही तो दंड नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या गोकाकच्या पत्त्यावरचं 'बडगानवी सरकार वर्ल्ड ओपन युनिव्हर्सिटी एज्युकेशन सोसायटी' हे नाव यूजीसीच्या बोगस विद्यापीठांच्या यादीत वर्षानुवर्षं छापून येत आलं आहे. माझ्या प्रकरणाशी त्याचा संबंध नाही, पण ती यादी प्रत्येक पीयूसी कॉलेजच्या नोटीस बोर्डावर लागली पाहिजे.

त्या ग्रुपमध्ये होतो त्यांतल्या बहुतेकांनी अजून तक्रार दिलेली नाही. बऱ्याच बायका आहेत, घरच्यांना न सांगता पैसे भरलेल्या. तुमच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर हप्त्यांच्या नोंदी मोबाइलमधून पुसू नका, नंबर बदलू नका, ग्रुप सोडू नका. एकाच माणसाविरुद्ध जास्त तक्रारी आल्या तर तपासाला बळ येतं. ठाण्यात जबाब कन्नडमध्ये लिहून घेतात, पण सही करण्याआधी मराठीत वाचून दाखवा म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. मी म्हटलं, त्यांनी दाखवला. एकटीने जायचं धाडस होत नसेल तर मला सांगा, मी सोबत येते.