पुण्यातच पर्यटक: घरून रोज जावे की पेठेत मुक्काम करावा?

कोथरूडसारख्या उपनगरात राहणाऱ्या पुणेकराला जुन्या पेठा पाहायच्या असतील, तर घरून जाऊन-येऊन फिरणे अर्थातच स्वस्त पडते. 2024 मध्ये मंडई आणि कसबा पेठ ही मेट्रोची भुयारी स्थानके सुरू झाल्यापासून जिल्हा न्यायालय स्थानकावर गाडी बदलून थेट पेठांत उतरता येते. मात्र दळण, पार्सल, पाहुणे अशी घरची कामे मागे लागतात आणि शनिवारवाडा पाहून माणूस जेवायला परततो.

याउलट, मंडईजवळच्या साध्या लॉजमध्ये एक रात्र काढल्यास भाड्याचा भुर्दंड पडतो, खोलीही बेताचीच मिळते. परंतु 1886 मध्ये उभ्या राहिलेल्या अष्टकोनी मंडईत भल्या पहाटे भाजीचे ढीग लागताना पाहणे, गर्दीपूर्वी कसबा गणपतीचे दर्शन घेणे आणि दुपारी केळकर संग्रहालयातील दिवे व अडकित्ते सावकाश न्याहाळून पाठ टेकायला खोलीवर येणे, हे त्यामुळेच जमते. (आपल्याच शहरात खोली मागताना थोडे ओशाळायला होते, हे खरे.) सोबत लहान मुले असल्यास घर बरे, एकट्याने किंवा दोघांनी जायचे असल्यास मी मुक्कामच निवडेन, तोही गणेशोत्सव टाळून.